न हलणारा माड

सदानंद डोर्लेकर याला फसवलं गेलं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या बंदराचा तांडेल, म्हणजे बोटीचं सुकाणू ज्याच्या हातात असतं आणि ज्याच्या शब्दावर खलाशी जाळं टाकतात तो माणूस. कधी फसवलं? २०१९ च्या धुळवडीला, सकाळी. दोह्याच्या विमानतळावरून निघालेली कंपनीची बस ज्या वळणावर समुद्राकडे पाठ करून आत वाळवंटाकडे वळली, त्या वळणावर.

बेटावरच्या हॉटेलात पाहुण्यांची ने-आण करणारी बोट चालवायची, अशी नोकरी त्याला सांगितली होती. वर्ल्ड कप येतोय, जगभरचे पाहुणे येणार, चांगले तांडेल हवेत. बस वळली तसा तो उठून उभा राहिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाईसाब, समुंदर तो उधर है." ड्रायव्हर म्हणाला, "बैठो." फसवणूक मुंबईत एजंटाच्या ऑफिसातच झाली होती, हे मलाही कळतं. पण माणसाला ती कळते तो क्षण मी धरते.

नाव त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. कंपनीचं लिहू नको म्हणाला, कारण अजून तिथेच आहे. एजंटाचं नाव आमच्या खाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. सत्यनारायणाला त्याला पहिला पाट मिळतो.

निघण्याआधी

मी कतारला गेले ते काही चौकशी समिती म्हणून नव्हे. माझी वैशूताई अल खोरला असते. दुसऱ्या बाळंतपणाला आई जाणार होती, तिचे गुडघे नाही म्हणाले, म्हणून त्याच वर्षी दिवाळीनंतर मी गेले. मी मच्छीमारांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, छापते आणि वाटतेही.

जायच्या आदल्या संध्याकाळी सदादादाची आई घरी आली. तिला सगळं बंदर आये म्हणतं. जुन्या पातळाच्या चौघड्या केलेल्या गाठोड्यात सोडे, सुका बांगडा आणि भाजणी. "माझ्या सदाला दे. नि बघून ये. निलेश पण चाललाय आता, महिनाअखेरीला. दोगं भाव एकाच बेटावर, म्हंजे मला घोर नाय."

निलेश म्हणजे तिचा धाकटा. त्याच एजंटाकडून, त्याच बेटावर. त्याचं लग्न ठरलं होतं, तेही थोरला भाऊ बेटावरच्या हॉटेलात आहे या शब्दावर.

तेवढ्यात सदादादाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडून साधा चालत नाही, वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. आयेनं फोन माझ्यापुढे धरला. निळा इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मागे माड, माडामागे निळा समुद्र. "बरा हाय गो मनू. तू येतंस? ये ये."

आये म्हणाली, "बघितलंस? माड हायत तिकडं. आपल्यासारखेच."

मी बघितलं. आमच्या परसात वारा सुटला होता, झावळ्या कौलांवर घासत होत्या. समुद्रकाठचा माड कधी गप्प उभा राहत नाही. सदादादाच्या मागचा माड एकदाही हलला नाही. आये पोराच्या तोंडाकडे बघत होती, माडाकडे बघायला तिला उसंत नव्हती. मी तिला काही बोलले नाही. त्याच्या शेजारी कोणीतरी उभं असेल, दटावून बोलायला लावत असेल, असा संशय मला आला. संशयाची मला सवय आहे, आणि अजून तरी तो फार वेळा वाया गेलेला नाही.

अल खोर

विमानतळावर भावोजी न्यायला आले. पुण्याचे, रास लफानला गॅसच्या प्लँटवर सेफ्टीत आहेत. नमस्कार झाला, बॅग डिकीत गेली आणि पहिला प्रश्न आला.

"पत्रकं आणलीस?"

"बांगडा आणलाय."

"वास येतोय. मी पत्रकांचं विचारतोय. मनू, इथे मोर्चा नाही, धरणं नाही, सह्यांची मोहीम नाही. तू पाहुणी आहेस आणि माझा व्हिसा आहे. कळलं?"

कळलं, म्हटलं. मनात लिहून ठेवलं की या माणसाला काहीतरी लपवायचंय.

अल खोरचा रस्ता लांब आणि सरळ. दोन्ही बाजूंना खणलेलं, क्रेन, ट्रक, दूरवर एका स्टेडियमचा सांगाडा. डोंगर नाही, वळण नाही, डोळ्याला टेकायला जागाच नाही. जिथे रस्ता वळवला होता तिथे एकेक माणूस उभा. नारिंगी जॅकेट, डोळे सोडून तोंडभर गुंडाळलेलं फडकं, हातात लाल झेंडा. ट्रक आला की झेंडा वर, गेला की खाली. "हे काय करतात?" मी विचारलं. "फ्लॅगमन," भावोजी म्हणाले. "ट्रॅफिक थांबवतात." आमची गाडीही एकानं थांबवली. मी काचेतून त्याच्याकडे बघितलं, त्यानं बघितलं नाही. मग झेंडा खाली आला आणि आम्ही निघालो.

ताईच्या घरी एसी इतका की शाल घेऊन वरणभात जेवले. भाची आर्या आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं.

"मावशी आली, आवडलं का?"

"यस, बट व्हाय डझ युअर बॅग स्टिंक?"

ताई हसून हसून सोफ्यावर बसली, नवव्या महिन्याचं पोट धरून. आयेचं गाठोडं मात्र बाल्कनीत गेलं.

सदादादाला फोन केला. "बेटावर येऊ का भेटायला?" तो घाईघाईनं म्हणाला, "नको गो, ड्युटी असते. पुढल्या शुक्रवारी कॉर्निशला ये. मी येतो."

म्हणजे मी बेटावर जायलाच हवं होतं.

बेट

दोह्यासमोर खरंच एक बेट आहे. मी ते नसेलच, या हिशोबात होते. ताई म्हणाली, बाळ यायच्या आधी एकदा कुठेतरी जाऊ या, आणि आम्ही फेरीबोटीत बसलो. अर्ध्या तासात बेट. पांढरी वाळू, लाकडी धक्का, माड, गार टॉवेल हातात देणाऱ्या हसऱ्या मुली. माड रीतसर हलत होते. मी त्यांच्याकडेही जरा रागानंच बघितलं.

हॉटेलही होतं आणि पाहुण्यांच्या बोटीही होत्या.

धक्क्यावर बोटीचा दोर बांधणारा माणूस केरळचा निघाला. हिंदीत विचारलं, इथे सदानंद नावाचा तांडेल आहे का, महाराष्ट्राचा?

"नहीं दीदी. महाराष्ट्र का कोई नहीं."

"मुंबईच्या एजंटाकडून कोणी येतं का?"

तो दोर आवळत हसला. "पूछने बहुत आते हैं. हमको होटल ने सीधा लिया. एजंट का आदमी इधर आज तक नहीं आया."

रिसेप्शनवर विचारलं. तिथली बाई इतकी गोड बोलली की मला तिचाही संशय आला. पण उत्तर तेच. एजंटानं बेट खरं सांगितलं होतं, हॉटेल खरं सांगितलं होतं, वर्ल्ड कपही खरा होता. फक्त त्यातली सदादादाची जागा खोटी होती. सगळंच खोटं असतं तर बंदरातलं शेंबडं पोरही फसलं नसतं.

भावोजी बाजूच्या खुर्चीत ज्यूस पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, "तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही."

"नाही वाटलं," ते म्हणाले आणि स्ट्रॉनं बर्फ ढवळत बसले.

कॉर्निश, शुक्रवार

शुक्रवार सुट्टीचा. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या लांब रस्त्यावर, पुरुषच पुरुष. नेपाळी, बंगाली, आपले. लाकडी बोटी समोर डुलतात, पलीकडे काचेचे उंच टॉवर, आणि जो तो त्या बोटींकडे पाठ करून फोटो काढून घेतोय. एकाच्या डोळ्यांवरचा गॉगल फोटो झाला की दुसऱ्याच्या डोळ्यांवर जातो. मी हे हसत बघत होते. नंतर हसू गेलं.

सदादादा आला. तोच निळा शर्ट. पण डोळ्यांभोवती चौकोनी पट्टा काळवंडलेला, बाकी तोंड त्याहून उजळ. हा पट्टा मी कुठेतरी पाहिला होता.

"आयेचा बांगडा आणलास? दे दे." त्यानं गाठोडं उघडून तिथेच नाक घातलं. शेजारचे दोघे बंगाली वळून बघायला लागले आणि मग तेही हसले. मासे खाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

उन्हं उतरत होती, ताईला बसायचं होतं, म्हणून बागेकडे गेलो. फाटकावर गार्ड. आम्हाला आत सोडलं, सदादादाच्या छातीवर हात ठेवला.

"फॅमिली ओन्ली. बॅचलर नॉट अलाउड."

"हा माझा भाऊ आहे. ब्रदर!"

"मॅडम, एव्हरीबडी इज ब्रदर."

मी आवाज चढवला. पत्रकातली दोन-तीन वाक्यं इंग्रजीत ऐकवली. भावोजी घामाघूम. सदादादाच म्हणाला, "यल्ला, जाऊ दे मनू. रोजचं हाय." लग्न झालेला, दोन मुलींचा बाप. इकडे बायको सोबत नसली की माणूस बॅचलर. आमच्याकडे देवळाच्या दारात माणसं अडवत, त्याची लाज वाटून आम्ही मोठे झालो, आणि इथे बागेच्या दारात तेच बघितलं.

ताई आणि आर्या आत बसल्या. आम्ही दोघं बाहेर कठड्यावर.

"बेटावर काय काय काम असतं?" मी विचारलं.

"तेच गो. पाव्हणे आणायचे, सोडायचे."

"मी परवा बेटावर जाऊन आले."

तो समोरच्या बोटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती बघ, दोर सैल बांधलान. भरती आली की घासेल." मग बसच्या वळणाची गोष्ट सांगितली, जी मी सुरुवातीला लिहिली आहे. शेवटी म्हणाला, "झेंडा दाखवतो. अल खोरच्या रस्त्यावर. ट्रक येतो, वर कर. गेला, खाली कर. खलास."

डोळ्यांभोवतीचा पट्टा. म्हणजे रोज ज्यांच्यासमोरून आमची गाडी जात होती, त्यांतला एक हा.

"दुसरीकडे नोकरी बघ."

"एका बोटवाल्यानं विचारलान मला. धो चालवायला, ही असली लाकडी बोट. पण कंपनीनं सोडल्याचा कागद दिल्याबिगर जाता येत नाय. नि कंपनी देत नाय."

"मग निलेशला तरी सांग! तो महिनाअखेरीला निघालाय."

"सांगीन. इन्शाल्ला."

हा शब्द मला तिथे पोचल्यापासून भेटत होता. प्लंबर येणार का? इन्शाल्ला. मी म्हटलं, "दादा, मला इन्शाल्ला नको. आज सांग."

त्यावर तो जे बोलला, ते मला आवडलं नाही, आणि म्हणूनच लिहिते आहे.

"सांगून काय करू? बंदरावर हसतील. तांडेलकी सोडून झेंडा हलवायला गेला म्हंतील. निलेशचं लग्न मोडंल. आनि... आला तर आला गो. एक तरी घरचं मानूस होईल इकडं."

मी कठड्यावरून उठले. म्हटलं, "म्हणजे आता तूच एजंट झालास."

त्याची बस आली. खिडकीतून त्यानं गाठोडं उचलून दाखवलं, आयेला सांग मिळालं म्हणून.

सनाया

दोह्याच्या मागे इंडस्ट्रियल एरिया आहे, त्याला सगळे सनाया म्हणतात. कामगारांचे कँप तिथे. नकाशात नंबरांचे रस्ते, माणसांचं नाव एकाही रस्त्याला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी मी भावोजींना म्हटलं, तिथे सोडा. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांनी किल्ली उचलली. पोचल्यावर म्हणाले, "गेटवर भाषण नको. पुढचं तू बघ." या माणसाला नेमकं कुठे ठेवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेटवरच्या वॉचमननं बाई बघितली आणि हातानंच नाही म्हटलं. बाईला आत प्रवेश नाही. समोर एक चहाची टपरीवजा कॅफेटेरिया होती. तिथे करक मागवला, म्हणजे दूध-वेलचीचा दाट चहा, आपल्यापेक्षा गोड. सगळ्या टेबलांवरचे पुरुष माझ्याकडे बघत होते. मी सदादादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याची खोली आणि माझा चहा यांच्यात एक रस्ता आणि एक भिंत.

त्यानं उचलला. निळा शर्ट. मागे माड, समुद्र.

मी बाहेर पाहिलं. धूळ, टँकर, पाण्याचे प्लास्टिकचे डबे. पुन्हा फोनमध्ये पाहिलं. माड.

"दादा," मी म्हटलं, "फोन फिरव."

"कशाला?"

"फिरव."

मागून कोणीतरी हसलं आणि एका दाढीवाल्यानं फोन हिसकावून घेतला. "ताई, मी बालाजी, लातूरचा. बाहेर बसलात व्हय? येऊ देत न्हाईत ना? या, मी दाखवतो तुमाला आमचं बेट!"

फोन फिरला. माड म्हणजे एक चादर होती. डबलबेडची, माडांची आणि निळ्या पाण्याची छापील चादर, दोन बंकांच्या मधल्या दोरीवर चिमटे लावून टांगलेली. खालची किनार मळून काळी. चादरीच्या पलीकडे खोली. भिंतीलगत लोखंडी बंक, एकावर एक. दोऱ्यांवर लुंग्या, बनियनी, नारिंगी जॅकेटं. जमिनीवर कुकर, कांदे, बुटांची रास. आणि चादरीसमोरच्या स्टुलापाशी माणसं खोळंबलेली, भांग पाडून, प्रत्येकाच्या हातात फोन.

"शुक्रवारी लाइन असती," बालाजी सांगत होता. "ही चादर मीच आणली बाजारातून. घरचे म्हंतेत समुद्र दाव, समुद्र दाव. आता मी प्लास्टरवाला, मी कुठला समुद्र दावू? मग म्हनलं, हा घ्या समुद्र. आता समदी खोली वापरायली."

"आणि शर्ट?"

"शर्ट बी एकच, ताई! सदाभौ, काढ आता, माझा नंबर आहे."

खोलीत हशा झाला. सदादादानंही हसत शर्ट काढायला घेतला. बटणं सोडता सोडता थांबला.

मी तोवर शत्रू शोधत होते. दटावणारा साहेब, कंपनीचं नाटक, पढवून घेतलेली वाक्यं. तसा कोणी त्या खोलीत नव्हता. नोकरीच्या नावानं फसवणारे सगळे बाहेर, एसीत बसले होते, आणि त्यांचं उरलेलं काम ही माणसं लाजेपायी फुकट करत होती. याच चादरीसमोरून बोलणारा कुणाचा तरी चेहरा बघून पुढचा मुलगा पासपोर्ट काढतो. पुढच्या मुलाचं नाव निलेश होतं.

बालाजीनं फोन परत दिला. सदादादा बनियनवर, माडासमोर.

"निलेशला असंच दाखव," मी म्हटलं. "आत्ता."

"मनू, आये इचारत नाय गो. दर शुक्रवारी फोन लावतो. बरा हाय काय, हाय. जेवलास काय, जेवलो. दाखव म्हनत नाय. इचारलंन असतं तर मी काय लपवलं असतं? न इचारता कसं दाखवू?"

मी फोन ठेवला आणि आयेला लावला. साधा फोन, आवाजाचाच. म्हटलं, "आये, आता सदादादाचा कॉल येईल. त्याच्या तोंडाकडे बघू नका. त्याला सांगा, फोन फिरव."

"फिरव म्हंजे?"

"फोन गोल फिरवून खोली दाखव म्हणा. निलेशला शेजारी बसवा."

"काय झालाय काय?"

"तुम्ही सांगा तर."

मग मी वाट बघितली. दुसरा करक गार झाला. भावोजींनी गाडीतून एकदा हॉर्न दिला, मी हात हलवला, मग त्यांनी दिला नाही. त्या खोलीत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि आमच्या बंदरावर काय चाललंय तेही दिसत नव्हतं. मी फक्त टेबलावरची माशी हाकत होते.

आयेचाच फोन आला. पलीकडे निलेश मोठमोठ्यानं काहीतरी विचारत होता. आये सावकाश बोलत होती.

"फिरवलान," ती म्हणाली. "बघितलं सगळं. ती चादर मळलीय किती! त्याला सांगितलं, काढ ती नि धुवायला टाक. आनि पुना बांधू नको."

परत आल्यावर

ताईला मुलगा झाला. मी परत आले.

निलेश गेला नाही. लग्न मोडता मोडता राहिलं. मुलीकडच्यांना तो स्वतः जाऊन सांगून आला. आता तो भावाच्या जागी बोटीवर आहे. सदादादा अजून अल खोरच्या रस्त्यावर झेंडा वर-खाली करतो. कंपनीनं सोडलेलं नाही. आम्ही अर्ज दिलेत, पाठपुरावा चालू आहे आणि तो सुटेपर्यंत मी गप्प बसणार नाही. पण निलेशची जागा रिकामी राहिली नाही. एजंटानं पलीकडच्या वाडीतला दुसरा मुलगा भरला. त्याच्या घरी त्याच बेटाचा फोटो पोचला होता. मी तिथे गेले, तेव्हा त्याचं विमान गेलेलं होतं.

म्हणून हे नुसतं प्रवासाचं वर्णन म्हणून वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या घरातला, वाडीतला, नात्यातला कोणीतरी तिकडे असणार. शुक्रवारी त्याचा कॉल येईल. तो इस्त्रीचा शर्ट घालून हसेल आणि बरा आहे म्हणेल. तो बरा आहे का, हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याला पाठ आहे. त्याला सांगा, फोन फिरव. तो कशाला म्हणेल, हसण्यावारी नेईल, नेटवर्क गेलं म्हणेल. तरी सांगा. आणि खोली दिसेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिकडे पाठवू नका.

येत्या शुक्रवारीच सांगा.